बारदानासकट

परमेश्वराने या जगात जे जे काही निर्माण केलं ते केवळ तोलण्यासाठी केलं, अशी आमच्या मापाडी मामांची पक्की समजूत आहे. माणसं, म्हशी, लग्नातली बुंदी, शेजारचं तान्हं लेकरू, सगळं त्यांच्या लेखी आधी वजन आणि मग बाकीचं काय असेल ते. आखाडा बाळापूरच्या बाजारात त्यांनी चाळीसएक वर्षं हळद, तूर आणि सोयाबीन तोललं. मापाडी म्हणजे शेतकरी आणि व्यापारी यांच्या मधोमध काट्यापाशी उभा राहून दोघांच्याही शिव्या खाणारा माणूस. ते काम सुटून बरीच वर्षं झाली, पण मामांच्या डोळ्यांतला काटा काही निघाला नाही. मी इथल्या शाळेत गणित शिकवतो आणि त्यांच्या समोरच्या घरात राहतो. राहायला आलो त्याच दिवशी, टेम्पोतून सामान उतरत असताना, ओळखपाळख काही नसताना, त्यांनी ओट्यावरून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "सर ब्याऐंशी. चपला धरून." मी चिडलो. संध्याकाळी तावातावाने औषधाच्या दुकानातल्या काट्यावर जाऊन उभा राहिलो तर बरोबर ब्याऐंशी भरलो. चपला मी काढल्या नव्हत्या.

गल्लीत बारसं असलं की पाळण्यातलं मूल आधी मामांच्या हातात द्यायचं, अशी प्रथाच पडली होती. मामा ते लेकरू दोनदा हलकंच वरखाली करायचे आणि म्हणायचे, "तीन किलो दोनशे, दुपट्यासकट." लग्नात स्टेजवर अक्षता टाकायला चढले की नवरानवरीकडे पाहून "पारडं पोरीकडं झुकून राहिलं" म्हणायचे, आणि पोरीचा बाप पंगतीत त्यांच्याशी बोलायचा नाही. माझी बायको आठवडी बाजारातून येताना त्यांच्या ओट्यावरून जायला घाबरते. "वैनी, वांग्यावाल्यानं पावशेरानं कापलं तुमाला," असं एकदा त्यांनी पिशवी लांबूनच पाहून सांगितलं. ती तशीच माघारी गेली, भांडली आणि तीन वांगी जास्तीची घेऊन आली. तेव्हापासून बाजारातले भाजीवाले तिला मापाडी मामांच्या गल्लीतली म्हणून ओळखतात. या गावात हुशार माणसं पुष्कळ आहेत, पण वजनाच्या बाबतीत ती सगळी मिळून मामांच्या पासंगालाही पुरणार नाहीत.

आणि मोजण्याची रीत जुनी. पहिल्या मापाला मामा 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. पहिलं माप देवाच्या नावाचं, त्याला आकडा लावायचा नसतो. आम्ही एकदा औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो तर पायऱ्यासुद्धा ते लाभ, दोन, तीन अशा मोजत उतरले. काट्याच्या बाबतीत तर ते इतके सोवळे की एका व्यापाऱ्याने फार पूर्वी त्यांना नुसती खूण केली होती, गुडघा जरा काट्याला टेकवा म्हणून. तेवढ्याने प्रत्येक कट्ट्यामागे, म्हणजे भरल्या पोत्यामागे, काय फरक पडतो ते जाणकारांना सांगायला नको. मामांनी त्या दिवशी धोतर गुडघ्याच्या वर खोचलं आणि सगळ्यांना गुडघे दिसतील असे उभे राहून दिवसभर माल तोलला. दांडीच्या पातळीला डोळा आल्याशिवाय ते वजन सांगायचे नाहीत, म्हणून प्रत्येक कट्ट्याला खाली बसायचं आणि उठायचं. चाळीस वर्षं. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले. "आकडा दिसतो, काटा दिसत न्हाई," एवढंच मामा म्हणाले. पण तोवर गुडघे गेले होते.

मामी होत्या तोवर त्यांच्या या वेडाला घरात कुणीतरी हसणारं होतं. "मिठाची चिमूट बी तोलून पाहा," असं त्या म्हणायच्या आणि मामा खरोखर चिमूट तळहातावर घेऊन पाहायचे. मग मामी आजारी पडल्या. त्या वर्षभरात मामांनी गल्लीतल्या कुणाचंच वजन सांगितलं नाही. त्यांना मामी आठवड्याला किती उतरतायत ते दिसत होतं, काट्याशिवाय दिसत होतं, आणि ते एकदाही तोंडातून निघालं नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मामी गेल्या त्याला आता पाच वर्षं होतील. मुलगा पुण्याला एका कारखान्यात आहे, तो वर्षातून दोनदा येतो आणि रोज संध्याकाळी फोन करतो. चांगला पोरगा आहे, पण फोनवर दोघंही बापलेक पावसापाण्याचं विचारतात आणि ठेवून देतात.

डाव्या गुडघ्याची वाटी बदलायचं ठरलं ते मुलाच्या आग्रहाने. नांदेडला ऑपरेशन झालं, मीही सोबत होतो. शुद्धीवर आल्यावर माणसं पाणी मागतात, देवाचं नाव घेतात. मामांनी सिस्टरला विचारलं, "काढलेलं किती अन् घातलेलं किती?" तिला काही कळेना. मामांचं म्हणणं सरळ होतं, जुनं हाड निघालं त्याचं वजन आणि नवीन धातू बसला त्याचं वजन, यातला फरक माणसाला कळायला नको का? डॉक्टर राउंडला आले तर त्यांनाही हाच प्रश्न. डॉक्टर हसले आणि त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. शून्य ते दहा आकडे आणि प्रत्येकावर एक चेहरा, शून्याचा हसरा, दहाचा रडका. "बाबा, तुम्ही मला तोलून सांगा. दुखणं किती?"

मामांच्या तोंडावर मी कित्येक महिन्यांत असा उजेड पाहिला नव्हता. अखेर कुणीतरी त्यांना त्यांच्या कामाचं विचारलं होतं. त्यांनी तक्ता नीट पाहिला, दहा म्हणजे कट्टा की क्विंटल असं विचारून घेतलं, डोळे मिटले, दोन्ही हात चादरीवर सपाट ठेवले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "दोन."

वॉर्डातले बाकीचे सगळे गुडघेवाले आठ-नऊच्या खाली यायला तयार नव्हते. एक जाडजूड गृहस्थ तर बारा म्हणाले होते. त्यात ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी 'दोन' म्हणणारा म्हातारा पाहून सिस्टर इतर पेशंटांना सांगू लागल्या, बघा त्या बाबांकडे. डॉक्टरांनी जोराच्या गोळ्या कमी केल्या, साध्या लिहून दिल्या. मुलाने आठ दिवसांची रजा काढली होती. तो रोज विचारायचा, "बाबा, किती?" मामा म्हणायचे, "दोन." दोन म्हणजे काहीच नाही. तो निश्चिंत मनाने पुण्याला परत गेला, आणि खरं सांगायचं तर मीही निश्चिंत झालो, कारण जाताना त्याने बापाला माझ्यावर सोपवलं होतं.

मग सुरू झाला घरातला कार्यक्रम. वॉकर धरून चालणं, टाचेखाली उशी, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही असं बजावलेलं, आणि मी दाराची कडी वाजवली की आतून उशी पडल्याचा आवाज यायचा. बर्फ मी ज्यूसवाल्याकडून आणायचो. मामा पिशवी हातात घेऊन "येताना अर्धा पाव वितळला" म्हणायचे. एक दिवसाआड व्यायाम घ्यायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी येत असे, जवळच्याच तांड्यावरची, नांदेडला शिकून आलेली, कामाला कडक. तिच्याजवळ कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी होती. त्या पट्टीबद्दल मामांना अपार आदर. ती गुडघा वाकवू लागली की मामा पहिल्याच वेळी डोळे घट्ट मिटून म्हणायचे, "लाभ!"

"कशाचा लाभ होऊन राहिला, मामा?" ती विचारायची.

"ते तुला न्हाई कळायचं, पोरी. तू मोज."

पण मोजण्यासारखं काही होत नव्हतं. पंधरा दिवस झाले, गुडघा पासष्ट अंशांवर अडला. तीन आठवडे झाले, पासष्टच. मुलीने मला बाहेर बोलावून सांगितलं की नांदेडच्या पुढच्या तपासणीला दोन आठवडे उरलेत, तोवर नव्वदपर्यंत आला नाही तर पुन्हा भूल देऊन, जोर लावून वाकवावा लागेल, आणि या वयात तेही जमेलच असं नाही. नाही जमलं तर पाय असाच काठीसारखा राहील. "दुखणं तर दोनच सांगतात. मग वाकवत काहून न्हाईत? आळस करून राहिले," ती म्हणाली. मलाही तेच वाटलं. मी आत जाऊन मामांना चांगलं फैलावर घेतलं. वर्गातल्या ढ पोरांना बोलतो तसं बोललो. मामांनी सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. भूल देण्याची त्यांना धास्ती होती. "बेशुद्धीत कोण काय कमीजास्त करतं, कुणाला दिसतं?" एवढंच म्हणाले.

रोज पाचला शाळा सुटली की मी जायचो आणि विचारायचो, "किती?" ते म्हणायचे, "दोन." मी चहा प्यायचो आणि घरी यायचो. एके दिवशी शाळा लवकर सुटली. मी त्यांच्या दारात पोचलो तर आतून आवाज येत होता. मामा एकटेच व्यायाम करत होते. "लाभ," म्हणाले. मग नुसता श्वास. मग पुन्हा, "लाभ." मी कडीला लावलेला हात मागे घेतला आणि दोन ऐकायला थांबलो. दोन येईना. "लाभ," पुन्हा. मी किती वेळ उभा होतो सांगता येणार नाही, पण त्या माणसाला पहिल्या मापाच्या पुढे जाता येत नव्हतं. एक वाकवणं पुरं होत नव्हतं, म्हणून ते आपलं दर वेळी नव्याने सुरू करत होते. मी दार लोटलं. मामांच्या दातांत पंच्याचा बोळा होता आणि सदरा पाठीला चिकटला होता.

"मामा, किती?"

पंचा काढून ते म्हणाले, "दोन."

"खोटं सांगताय."

हे मी बोलायला नको होतं. चाळीस वर्षांत त्यांच्या वजनाला कुणी खोटं म्हटलं नव्हतं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हे मला घराबाहेर काढणार. पण त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. मग हळू आवाजात, एखाद्या शेतकऱ्याला वजावट समजावून सांगावी तसं सांगू लागले.

"सर, एकूण आठ हाय. व्हय, आठ. पण त्यात बारदान सहा."

बारदान म्हणजे पोतं. माल पोत्यासकट काट्यावर चढतो, आणि मग रिकाम्या पोत्याचं वजन वजा करून उरेल तो खरा माल. हे मला ठाऊक होतं. पण गुडघ्यात बारदान कुठून आलं?

"आता पाहा. उजवा गुडघा आधीपासून दुखतो, त्याचा एक. कंबरेचा एक. वयाचा एक धरा. ह्ये तीन झाले." ते स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिले. "अन् तीन, ती गेल्यापासून घरात जे हाय ते. ते काय डॉक्टरनं दिलं का मला? त्यानं दिलं ते दोन. दुसऱ्याचं वजन त्याच्या मालात धरलं तर पाप लागंल, सर."

मला आधी हसू आलं. खरोखर आलं, आणि अर्ध्यावरच गेलं. महिनाभर हा माणूस आठ वजनाचं दुखणं अंगावर घेऊन बसला होता आणि डॉक्टरवर अन्याय नको म्हणून निव्वळ माल सांगत होता. आणि मी, गणिताचा मास्तर, रोज तो आकडा ऐकून त्यांच्याच हातचा चहा पिऊन घरी जात होतो. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली. दोन ऐकायला मला सोयीचं होतं, म्हणून मी कधी पुढे विचारलं नव्हतं.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर आधी चक्रावले आणि मग माझ्यावरच उखडले. गोळी कमी म्हणून दुखणं जास्त, दुखणं जास्त म्हणून व्यायाम नाही, व्यायाम नाही म्हणून गुडघा धरलेला. इतकं साधं तुमच्या लक्षात कसं आलं नाही, असं त्यांनी मला विचारलं. त्यांनी गोळी बदलली, ती व्यायामाच्या तासभर आधी घ्यायची, नंतर बर्फ लावायचा आणि रोजचा आकडा मी त्यांना कळवायचा असं सांगितलं. मामांना मात्र ते पटेना. फोन ठेवल्यावरही त्यांचं एकच, बारदान मालात धरायचं नाही. मी पुष्कळ वाद घातला. शेवटी वैतागून म्हणालो, "मामा, हमाल कट्टा उचलतो तेव्हा त्याच्या पाठीवर काय बारदान वजा होऊन येतं का?"

चाळीस वर्षांतले सगळे हमाल मामांच्या डोळ्यांपुढून जात असावेत.

"न्हाई," ते म्हणाले. "पाठीवर समदंच येतं."

"मग सांगा. किती?"

"आठ," मामा म्हणाले, आणि रडू लागले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, मामी गेल्या तेव्हासुद्धा. काय करावं ते न सुचून मी वॉकर उगाच इकडचा तिकडे ठेवला.

पुढचं सगळं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे झालं, याचं मला आजही नवल वाटतं. चौथ्या दिवशी त्या मुलीसमोर मामा लाभ, दोन, तीन करत सहापर्यंत पोचले. आठवड्याने दहा. गुडघा सत्तरवर आला, ब्याऐंशीवर आला. माझं वजन झालं म्हणून मामा खूश. तपासणीच्या दिवशी नांदेडला त्र्याण्णव भरला. मामांनी पट्टी स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा मोजून पाहिलं आणि मगच डॉक्टरांना नमस्कार केला. मला रोज पाचला पूर्ण आकडा मिळू लागला होता. आठाचे सात, साताचे पाच. पण मुलाचा फोन आला की मामांच्या तोंडून तेच, "दोन." मी एकदा विचारलं, त्याला का खरं सांगत नाही? "त्याच्या पाठीवर त्याचंच काय कमी हाय?" असं म्हणून त्यांनी विषय बदलला. त्यात मी पडलो नाही.

माणूस बरा झाला की त्याच्याकडचं येणंजाणं कमी होतं, तसं आमचंही झालं. त्या मुलीचं येणं संपलं. मामा काठी घेऊन चहाच्या टपरीपर्यंत जाऊ लागले, बर्फ बंद झाला, आणि शाळेत दहावीच्या सराव परीक्षा सुरू झाल्यामुळे माझीही पाचची फेरी चुकू लागली. आधी एक दिवस, मग चार दिवस. एका संध्याकाळी पेपर तपासत बसलो होतो तर फोन वाजला. समोरच्या घरातून मामांचा फोन. दहा वर्षांत त्यांनी मला कधी फोन केला नव्हता, हाक मारायचे.

"सर, आज सात हाय."

"सात? गोळी संपली का? बर्फ आणू?"

"गुडघा बराबर हाय. गुडघ्याचं न्हाई म्हणून राहिलो."

मी तसाच गेलो. बाहेर अंधारून येत होतं आणि मामांनी दिवा लावला नव्हता. खुर्चीत नुसते बसले होते. मी समोर बसलो. गुडघ्याला गोळी असते, बर्फ असतो, पट्टी असते. याला काय असतं ते मला माहीत नव्हतं, आणि मी तसं त्यांना सांगून टाकलं. "मामा, मी काय करू?"

"काही करू नका. चार दिवस झाले, कुणी इचारलं न्हाई. मग मीच सांगितलं."

आम्ही बसून राहिलो. थोड्या वेळाने फोन वाजला, पुण्याहून. रोजची वेळच होती. फोनचा आवाज मोठा असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. मुलाने पाऊस विचारला, जेवण विचारलं आणि मग विचारलं, "बाबा, किती?" मामांचे ओठ हलले. 'दोन' अगदी ओठांवर होतं, मला दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सात," ते म्हणाले.

"सात? अहो, गुडघ्याला काय झालं?"

"गुडघा चांगला हाय रे. तुझी माय गेल्यापासूनचं हाय ते."

मामांनी फोन कानापासून काढून पाहिला, कट झाला की काय म्हणून. झाला नव्हता. पुन्हा कानाला लावला. मग पुण्याहून तो चाळिशीचा पोरगा, ज्याने आईच्या दहाव्यालासुद्धा डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, एवढंच म्हणाला, "माझंपण आहे, बाबा."

मी उठलो. मामांचं लक्ष नव्हतं. उंबऱ्यापाशी अंधारात पायाने चपला शोधत होतो, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"तुझं किती हाय? समदं सांग, लेकरा. काही वजा करू नको."

मी दार हळूच ओढून घेतलं.